लंकेला दोघंच

यंदाच्या हिवाळ्यात आमची अर्धी गल्ली श्रीलंकेला जाऊन आली. मी गेलो नाही. सहल मात्र माझी होती. कल्पना माझी, नकाशा माझा, पाठीवर अडकवायच्या पिशव्यासुद्धा मीच मागवलेल्या. आता गल्लीत कुणाकडेही चहाला गेलं की मला तिथल्या समुद्राचे फोटो दाखवतात आणि वर विचारतात, "सर, तुम्ही काऊन नाही आले?" त्यानंतर माझा चहा तसाच राहतो.

मी पांढुर्ण्याला सरकारी शाळेत भूगोल शिकवतो. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा तुकडा, हे सांगण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतः मात्र मी आजवर समुद्र पाहिलेला नाही. जाम नदीला पूर आला की पुलावर जाऊन उभा राहतो आणि समुद्र याहून बराच मोठा असणार असं मनाशी धरून घरी येतो. मुलांनी अजून कधी विचारलं नाही म्हणून अब्रू शाबूत आहे.

मी आणि माझी बायको उषा कुठं गेलोच नाही असं नाही. लग्नं केली, तेरव्या केल्या, नागपूरचे दवाखाने पाहिले आणि अधूनमधून पचमढीच्या महादेवाला गेलो. पण दरवेळी जीप गच्च भरलेली. लग्नानंतर पहिल्यांदा महादेवाला गेलो तेव्हा बरोबर माझी आई होती, बहिणी होत्या, उषाचा भाऊ होता, आणि शेजारचे एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांचं आमच्याशी काहीही नातं नव्हतं. गाडीत जागा होती एवढंच. उषा पुढं बायकांत आणि मी मागं, मांडीवर पिठाचा डबा. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. एकदा तरी आपण दोघांनीच कुठंतरी जावं. जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी शेजारी शेजारी बसावं आणि मागून कोणी "पाण्याची कॅन कुठं ठेवली?" असं विचारू नये. ही मागणी फार मोठी होती असं मला अजूनही वाटत नाही.

आमची मुलगी वृषाली पुण्याला नोकरी करते. ती गेल्या वर्षी पाठीवर एक पिशवी घेऊन श्रीलंका फिरून आली. रात्री स्वस्तातल्या हॉस्टेलात झोपायचं, दिवसा लोकांच्या बसमधून फिरायचं, रस्त्यावर मिळेल ते खायचं. तिनं डोंगरातल्या रेल्वेचा फोटो पाठवला होता. सगळीकडे चहाचे मळे आणि ही दारात बसलेली. उषा तो फोटो बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "किती छान आहे हो." एवढंच म्हणाली, पण माझं ठरलं. मी त्याच रविवारी नकाशा आणून भिंतीवर लावला.

नकाशात ते बेट आंब्याच्या कोयीएवढं दिसतं. त्यावर जाऊ नये. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत जायचं तर तेवढ्या अंतरात पांढुर्ण्याहून निघालेला माणूस पार भुसावळच्या पुढं पोचेल, आणि मधे डोंगर वेगळे. म्हणून मी हात आवरून बेत केला. एक समुद्रकिनारा, एक डोंगर, आणि मधली रेल्वे. बस्स. बाकीचं बेट जिथं आहे तिथं राहू दे.

पाठीवरच्या पिशव्या आल्या तेव्हा लक्षात आलं की आपली पाठ खडू-डस्टरवर वाढलेली आहे. मी सराव सुरू केला. पिशवीत गहू भरायचे आणि सकाळी पुलापर्यंत जाऊन यायचं. पहिल्याच दिवशी तीन जणांनी विचारलं, "सर, दळण कुठं नेऊन राहिले?" चौथ्यानं विचारलं नाही, गाडी थांबवून मला मागं बसवलं आणि थेट चक्कीवर नेऊन उतरवलं. नाही कसं म्हणणार? मी गहू दळून घेतले.

तोपर्यंत सगळं गुपित होतं. ते पासपोर्टानं फोडलं.

आमचा पांढुर्णा काही वर्षांपूर्वी जिल्हा झाला. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे. माझ्या जन्माच्या दाखल्यावर एक जिल्हा, वीजबिलावर दुसरा. मी घर बदललेलं नाही, गल्ली बदललेली नाही, माझ्या अंगणातलं कडुनिंबाचं झाडही तिथंच आहे, जिल्हाच माझ्या अंगावरून पलीकडे गेला, हे मी खिडकीपलीकडच्या माणसाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, भूगोल मला सांगू नका. शेवटी चौकशीला घरी पोलीस शिपाई आला आणि म्हणाला, हा माणूस इथंच राहतो असं सांगायला एक शेजारी बोलवा.

शेजारी म्हणजे केशवराव. वीज खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना लोकांची वीज तोडायचे, आता त्याची भरपाई म्हणून लोकांना यात्रा घडवतात. गल्लीतला गणपती त्यांचा, कोजागरीचं दूध त्यांचं, कुणी मेलं तर लाकडंही त्यांनीच सांगायची. त्यांनी शिपायाला माझ्याबद्दल उत्तम साक्ष दिली, त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर माझ्याकडे बघितलं.

"पासपोर्ट कायले पायजे, सर?"

"असाच. काढून ठेवलेला बरा."

"असाच कोणी काढत नाही. वयनी बी चालल्या ना? त्यांचे बी कागद होते त्याच्या हातात."

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण वेळेवर येत नाही. मी लंका म्हणालो. संध्याकाळपर्यंत हे शेजारच्या सौसर गावाला कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोहगावहून माझा मेहुणा देवीदास संत्र्यांचं पोतं घेऊन दारात उभा होता. देवीदासचा बगीचा आहे. तो संत्री घेऊन आला की समजावं, त्याला आपल्याला काहीतरी सुनावायचं आहे.

"भाऊजी, ऐकलं ते खरं हाय?"

"खरं आहे."

"दोघंच?"

"दोघंच."

देवीदासनं एक संत्रं सोललं, त्याच्या फोडी मोकळ्या केल्या आणि उषाच्या हातात दिल्या. माझ्या नाही. "पोरीचं लग्न व्हायचं हाय, अन् मायबाप पाठीवर झोळ्या लटकवून समुद्रावर फिरून राहिले. पाहुणे काय म्हणतीन? अन् तिथं देव कोणता? दर्शन कायचं? बिनदर्शनाचं कोणी इतकं लांब जाते का?"

आमच्याकडे ही खरी अडचण आहे. घराबाहेर पडायला कारण लागतं. देव, दवाखाना, लग्न किंवा मयत. नुसतं पाहायला जातो म्हणणारा माणूस एक तर कर्जबाजारी असतो किंवा त्याचं डोकं फिरलेलं असतं. उषा खाली मान घालून फोडी खात होती. भावापुढं तिला कमीपणा नको, एवढाच विचार मी केला आणि तोंडातून निघून गेलं, "अशोकवाटिका आहे तिथं. सीतामाईची."

देवीदासचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं उरलेल्या फोडी माझ्या हातात दिल्या.

"मंग असं सांगा ना, भाऊजी. यात्रा हाय म्हणून."

माझं वाटोळं झालं ते याच क्षणी. पण तेव्हा मला वाटलं, जिंकलो. मी संत्रं खाल्लं. गोड होतं.

यात्रा म्हटल्यावर जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला विचारल्याशिवाय जाता येत नाही. त्यातून लंकेला. देवीदासचं म्हणणं, आपल्या तालुक्यातून याआधी लंकेला कोणी गेलं असेल तर ते मारुतीच, तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवून निघायला पाहिजे. मला यात काही गैर दिसलं नाही. मी आणि उषा सकाळी बसनं जाऊ, नारळ फोडू, दुपारी घरी, असा माझा हिशोब. जामसावळीला पोचलो तर तिथं देवीदासचा ट्रॅक्टर उभा होता, केशवरावांचा टेम्पो उभा होता, झाडाखाली गोवऱ्यांत कणकेचे रोडगे भाजणं चाललं होतं, वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, चुलीवर होतं आणि दोन बांबूंना एक फ्लेक्स बांधलेला. 'श्रीलंका रामायण यात्रा.' वरती केशवरावांचा मोठा फोटो, हात जोडलेला. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत मी सातवा होतो, आणि फोटो माझा शाळेच्या बारावीच्या निकालाच्या वेळचा, ज्यात मी कुणावर तरी ओरडत आहे.

उषाच्या माहेरी एक रीत आहे. यात्रेचा नारळ फोडला की त्याचा तुकडा ज्यानं खाल्ला तो यात्रेत आला. मग त्याला मागं ठेवून जाता येत नाही. ठेवलं तर जाणाऱ्याला दोष लागतो. ही रीत मला माहीत होती. पण माझ्या हातात नारळ होता, समोर निजलेला मारुती होता, पुजारी म्हणाला फोडा, आणि मी फोडला. देवीदासनं तो माझ्या हातातून घेतला आणि चाकूनं इतके बारीक तुकडे केले की सगळ्यांना पुरून उरले. केशवरावांनी दोन खाल्ले. उषाच्या रामाकोन्याच्या मावशीबाई, ज्यांना गुडघ्यामुळं घरातलं अंगण ओलांडता येत नाही, त्यांनीही खाल्ला.

परत येताना मी उषाला म्हणालो, "आता कसं करायचं?"

"होईल ना. सगळे आहेत तं होऊनच जाईल," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी एक तजेला होता. मला वाटलं, चुलीसमोर बसल्यामुळे.

नियोजनाची बैठक माझ्याच घरी झाली, कारण नकाशा माझ्याकडे होता. मी काठी घेऊन उभा राहिलो. ठिकाणं कशी दूर दूर पसरलेली आहेत, एका दिवसात एकच कसं होईल, हे समजावलं. सगळ्यांनी वर्गासारखं शांतपणे ऐकलं आणि वर्गासारखंच काही मनावर घेतलं नाही.

"सर, बेटच हाय ना," केशवराव म्हणाले. "चारी बाजूनं पाणी. जाऊन जाऊन ते जाईन कुठं? सकाळी इकून निंघायचं, संध्याकाळी तिकून निंघायचं. सगळं पाहून घेऊ."

मग हॉस्टेलचा विषय निघाला. एका खोलीत आठ माणसं, पलंगावर पलंग, भाडं अगदी कमी, असं मी सांगितलं. कमी भाड्यावर सगळे खूश झाले. पलंगावर पलंग म्हटल्यावर देवीदास उभा राहिला.

"वर कोण झोपीन?"

"कोणीही."

"मतलब खाली माहा मोठा भाऊ अन् वरच्या पलंगावर माही बायको? भाऊजी, आमच्या घरची सून भासऱ्यासमोर बाजेवर बसत नाही, अन् तुम्ही तिले भासऱ्याच्या डोक्यावर झोपवून राहिले?"

यावर भूगोलात उत्तर नाही. हॉस्टेल गेलं. त्याजागी मंगल कार्यालयासारखं काही मिळतं का ते बघायचं ठरलं. रस्त्यावरचं खाणंही गेलं, कारण तिथल्या प्रत्येक कढईत आधी मासा तळलेला असतो असं मावशीबाईंना कळलं होतं. त्यावर आचारी न्यायचं ठरलं. आचाऱ्याबरोबर त्याचे झारे, त्याचे गंज, तुरीची डाळ, तिखट, आणि रोडग्यांसाठी कणकेची पोती. मी म्हणालो की ही सहल पाठीवर मावेल एवढ्या सामानात करायची असते. केशवराव म्हणाले, "मावते ना. पाठी किती हायेत ते पाहा." माझ्या दोन नव्या पिशव्यांत बटाटे भरायचं त्याच बैठकीत ठरून गेलं.

मी चिडलो होतो. अजून चिडलेलोच आहे. तरी मनात म्हणत होतो, जाऊ दे. गर्दीतून वाट काढून कुठंतरी एक संध्याकाळ आपल्या दोघांना मिळेल. त्या लांबलचक बेटावर दोन माणसांना बसायला एक दगड तरी असेलच.

मग माझ्या रजेची गोष्ट आली. सरकारी माणसाला देशाबाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागते. मी पर्यटन असं कारण दिलं. वरून विचारणा आली की फ्लेक्सवर तर यात्रा लिहिलेलं आहे. फ्लेक्सचा फोटो साहेबांच्या मोबाइलवर पोचला होता. मी यात्रा असं कारण दिलं. त्यावर विचारणा आली की मग आधी पर्यटन का सांगितलं. मी दोन्ही सांगितलं. शेवटी परवानगी मिळाली आणि मी पेढे आणले. पेढ्यांचा बॉक्स उघडाच होता तेव्हा शाळेतून फोन आला की मतदार याद्यांचं काम लागलं आहे, माझं नाव त्यात आहे आणि सगळ्यांच्या रजा रद्द.

मी साहेबांकडे गेलो, हात जोडले. तिकिटं काढली आहेत म्हणालो. साहेब म्हणाले, "मास्साब, लोकतंत्र पहले है, लंका बाद में." त्यांना आपलं वाक्य आवडलं असावं, कारण त्यांनी ते बाजूच्या माणसाला पुन्हा ऐकवलं.

घरी आलो. उषा कपड्यांना इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. ती थांबली. मला मनापासून वाटत होतं की ती म्हणेल, मग मीही नाही जात. असं म्हणाली असती तर मी तिला जा म्हटलं असतं, आग्रह केला असता, थोडा मोठा माणूस झालो असतो.

"मंग तुमच्या जेवणाचं कसं करायचं?" ती म्हणाली.

"म्हणजे तू चालली?"

"नारळ खाल्लेला आहे ना मी. तुम्ही तं नुसता फोडला. मागं कशी राहू? सगळ्यांना दोष लागीन." आणि तिनं इस्त्री पुन्हा फिरवायला सुरुवात केली. माझं तिकीट रद्द झालं आणि माझ्या जागेवर आचाऱ्याचा भाऊ गेला.

स्टेशनवर सगळ्यांनी माझ्या पाया पडून घेतलं. यात्रेला जाणाऱ्यांच्या पाया पडतात, राहणाऱ्याच्या नाही, पण मी एवढा केविलवाणा दिसत असेन की त्यांना राहवलं नाही. चेन्नईची गाडी निघाली, तिथून पुढं विमान. दारात केशवराव उभे होते, त्यांच्यामागं उषा, आणि ती कशावर तरी खळखळून हसत होती.

यादीचं काम म्हणजे घरोघरी जाऊन माणसं आहेत की नाहीत ते बघायचं. मला कोणता भाग दिला? आमचीच गल्ली. मी पहिल्या घरी गेलो, कुलूप. दुसऱ्या घरी गेलो, कुलूप. केशवरावांचं कुलूप तर पितळी. माझ्याच सहलीला गेलेल्या माणसांच्या बंद दारांपुढं उभा राहून मी 'घर बंद' लिहीत होतो. साहेबांनी बोलावून घेतलं.

"पूरी गली कहाँ गायब हो गई, मास्साब?"

"लंका गए हैं, सर."

त्यांना वाटलं मी टोमणा मारतो आहे. मला आणखी एक भाग देण्यात आला.

उषाचा फोन संध्याकाळी यायचा. बोलण्यापेक्षा मागचा गलकाच जास्त. अशोकवाटिकेत सगळ्यांनी आरती केली, आचाऱ्यानं डोंगरात रोडगे भाजले आणि तिथले लोक ते बघायला जमले, बेट खरंच फार मोठं निघालं आणि केशवरावांनी तीन दिवस सगळ्यांना नुसतं बसमध्ये फिरवलं, तरी फार मजा आली, मावशीबाई समुद्रात उतरल्या आणि मग निघायलाच तयार होईनात. "समुद्र कसा आहे?" मी विचारलं. "लई मोठा आहे हो," ती म्हणाली, "तुम्ही शिकवता तसाच." मग कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन ठेवला गेला. मी कुकरमधली खिचडी काढून घेतली.

ते परत आले. मावंद्याचं जेवण झालं, गल्लीत मांडव पडला, केशवरावांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी श्रीलंकेच्या हवामानावर बोललो. टाळ्या पडल्या. आता लोक मला समजावून सांगतात की ते बेट कसं पसरलेलं आहे आणि नकाशावर ते कळत नाही.

त्या दिवशी मांडव उतरवल्यावर उषा आणि मी ओसरीवर बसलो होतो. ती उन्हानं काळवंडली होती आणि मला वाटलं, लग्नानंतर इतकी ताजी मी तिला पाहिली नाही. गल्ली शांत होती. शेवटी एकदाची आम्ही दोघंच होतो. मी धीर केला.

"उषा, परीक्षा संपल्या की सुट्ट्या लागतात. आपण पुन्हा जाऊ. कोणाला सांगायचं नाही. दोघंच जाऊ."

तिनं माझ्याकडे बघितलं. थट्टा करतो आहे का ते पाहत असावी. मग सरळ मनानं, अगदी मायेनं म्हणाली, "दोघंच जाऊन काय करायचं, हो? दोघंच तं घरी बी असतो."

मला फार वाईट वाटलं. इतकं की काही वेळ मला समोरचा रस्ता नीट दिसेना. एवढी वर्षं मी ज्या एका गोष्टीची वाट बघत होतो, तिचा तिला कंटाळा होता, आणि तो तिनं कधी बोलूनही दाखवला नव्हता.

ती पदरानं हात पुसत उठली. "केशवराव चैत्रात द्वारकेचं म्हणून राहिले," आतून तिचा आवाज आला. "माझं नाव देऊन टाकलं. तुमचं देऊ का?"

मी म्हणालो, दे.